तांबेरा पडतो, तेव्हा

माघ-फाल्गुनात आमचं अंगण पिवळं असायचं. वाई तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. हळद काढली की ती काहिलीत शिजवायची आणि अंगणभर वाळत घालायची. पुढचे पंधरा दिवस घरातल्या कुणाच्याही पायाकडे बघावं, घोटे पिवळे. म्हणून त्या दिवशी सकाळी आण्णा शेतावरून आले आणि त्यांच्या पांढऱ्या धोतराला गुडघ्यापर्यंत केशरी-तांबूस रंग लागलेला दिसला, तेव्हा आजीला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"हळदीत गेलतास व्हय रं?"

"न्हाई. गव्हात."

आजीच्या हातातलं सूप थांबलं. "मग पडला म्हण की," एवढंच ती म्हणाली.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आण्णांनी धोतर बदलून दोरीवर टाकलं, तेव्हा मी जवळ जाऊन तो रंग बोटाने पुसून बघितला. हळद बोटाला धरून राहते, ही पूड तशी नव्हती. कोरडी, पिठीहून बारीक, बोटाच्या रेषारेषांत जाऊन बसणारी. हुंगली तर वास नाही. मग रांजणावरच्या तांब्यात बोट बुडवलं. पूड भिजेचना! पाण्यावर केशरी साय धरावी तशी तरंगत राहिली. तांब्यात बोट घातलं म्हणून आईने पाठीत धपाटा घातला, तोही आठवतो. पण त्या न भिजणाऱ्या पुडीचं मला जे नवल वाटलं, ते आज साठी ओलांडली तरी ओसरलेलं नाही. पुढे माझं सगळं शिक्षण आणि नोकरी त्या पुडीच्याच मागे गेली.

मराठीत गव्हाच्या या बुरशीच्या रोगाचं क्रियापद ठरलेलं आहे. मावा येतो, कीड लागते, पण तांबेरा पडतो. दव पडावं, धुकं पडावं, दुष्काळ पडावा, तसा. माणसाच्या हातात ज्याचं काही नाही, ते सगळं आपल्या भाषेत पडतं. कुठे गेरवा म्हणतात, गेरूच्या रंगावरून. पण गेरवाही पडतोच. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनाही तसंच वाटत असलं पाहिजे. त्यांनी या रोगाचा एक देवच केला होता, रोबिगस नावाचा, आणि दर २५ एप्रिलला त्याला कुत्र्याचा बळी द्यायचे, की बाबा, आमच्या गव्हावर येऊ नकोस.

त्या वर्षी आमचा गहू कल्याणसोना होता. गावात सगळे त्याला मेक्सिकन गहूच म्हणायचे. बुटका, खताला भरभरून प्रतिसाद देणारा, हरितक्रांतीतला नावाजलेला वाण. सत्तरच्या दशकात देशभर पानावरच्या तांबेऱ्याने त्याला गाठलं, ते आमच्याही वावरात घडलं. आण्णा मला दुपारी शेतात घेऊन गेले. पोटरीतून निसवलेला, ओंब्यांत चीक भरत आलेला गहू. आणि पानापानावर टाचणीच्या टोकाएवढे फोड. पान मेलेलं नव्हतं, हिरवंच होतं. मी हातातल्या काडीने एका पानाला टिचकी मारली तर केशरी धूर निघाला. पुढे मळणी झाली आणि उफणणीच्या दिवशी नुकसान डोळ्यांनी दिसलं. पाटीतून गहू सोडला की दाणा पायाशी पडायचा आणि भुसा वाऱ्याने लांब जायचा, हा रिवाज. त्या वर्षी निम्मा दाणा भुशाबरोबर उडून जात होता, इतका तो चिरमटलेला आणि हलका होता. आण्णा पाटी धरून उभे होते आणि वारा पडायची वाट बघत होते, म्हणजे निदान हलका दाणा तरी पायाशी पडेल.

मी आजीला विचारलं होतं, "पडला म्हणजे कुठनं पडला?" तिने वर बोट केलं. "ढगातनं."

हे उत्तर किती बरोबर होतं, ते मला पंधरा वर्षांनी करमचंद मेहता यांचं काम वाचताना कळलं. मेहता आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्या काळी युरोप-अमेरिकेत या कोड्याचं उत्तर तयार होतं. १८६५ साली जर्मनीत आंतोन द बारी यांनी दाखवलं होतं की काळ्या तांबेऱ्याची, म्हणजे खोडावर पडणाऱ्या तांबेऱ्याची, बुरशी दोन घरची आहे. अर्धं आयुष्य गव्हावर, अर्धं बार्बेरीच्या झुडपावर. अमेरिकेने तर १९१८ पासून बार्बेरी उपटायची मोहीमच काढली. आपल्या हिमालयातही बार्बेरीचं कूळ भरपूर आहे. आयुर्वेदातली दारुहळद त्याच कुळातली. म्हणजे दोष तिच्यावर टाकून मोकळं होता आलं असतं. मेहतांनी तसं केलं नाही. डोंगरातले आणि मैदानातले तांबेरे वर्षानुवर्षं तपासून त्यांनी सिद्ध केलं की भारतातल्या गव्हावर दरसाल येणाऱ्या तांबेऱ्याशी या झुडपांचं देणंघेणं नाही. मैदानातला उन्हाळा बुरशीच्या बीजाणूंना, म्हणजे त्या केशरी पुडीच्या कणांना, सोसत नाही, ते मरून जातात. पण हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरात हवा थंड असते, उन्हाळ्यातही कुठे गव्हाची रोपं उभी असतात, तिथे बुरशी तग धरते. आणि मग वारा सुटतो.

पुढे एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाऱ्याची वाटही शोधली. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं की काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरीच्या बाजूने उचलले जातात, ढगांबरोबर मध्य भारतावर येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर खाली, कोवळ्या गव्हावर. या वाटेला बुरशीच्या नावावरून पक्सिनिया पथ म्हणतात. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने गव्हाचा जो निकाल लावला, त्याच्या आठवणी विदर्भाकडच्या जुन्या माणसांकडून मी ऐकल्या आहेत. ती माणसंही म्हणायची, पडला.

तेव्हा आजीचं क्रियापद खरंच होतं. तांबेरा पडतो, ढगातूनच पडतो. पण वरून पडलेल्या बीजाणूंनी आण्णांचं धोतर रंगलेलं नव्हतं. ते आले असतील विरळ, एवढ्या मोठ्या वावरात दिसणारही नाहीत असे. धोतर रंगवणारी पूड आमच्याच शेतात, आमच्याच गव्हाच्या पानात तयार झाली होती. पडलेलं थोडं असतं, घडलेलं अफाट. हे घडणं बघायला मी शिकले, त्याची सुरुवात महाबळेश्वरला झाली.

पसरणीचा घाट चढून वर गेलं की महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. थंडी, धुकं, ओलावा. तांबेऱ्याला जे हवं ते तिथे आयतं मिळतं, म्हणून गव्हाच्या वाणांची परीक्षा तिथे घेतात. आण्णा लग्नपत्रिकेच्या पाकिटात चार पानं घालून, मला बरोबर घेऊन एसटीने वर गेले. तिथल्या एका साहेबांनी पानं बघितली, ओळखली, आणि माझा चेहरा बघून सूक्ष्मदर्शकाशी स्टूल ओढून मला वर बसवलं. मला वाटलं होतं धूळ दिसेल. दिसली बाभळीची फुलं! तीच गोलाई, तोच सोनेरी रंग, अंगभर तसेच बारीक काटे. शेकडो, एकमेकींना खेटून. प्रत्येक फूल म्हणजे एक बीजाणू, आणि एका मिलिमीटरच्या रेषेवर असे चाळीसेक बसतील. "हे कुठनं आले?" मी विचारलं. साहेब म्हणाले, "आले नाहीत बाळ, पानाने पोसले आणि बुरशीने केले."

केले कसे, हे मी पुढे कृषी महाविद्यालयात, हरितगृहाच्या कोपऱ्यातल्या कुंड्यांवर पाहिलं. आमच्याकडे त्यासाठी एक खास गहू असे, आग्रा लोकल. कुठल्याही तांबेऱ्याला नाही म्हणायचं याला माहीत नाही, म्हणून बुरशी वाढवायला देशभर हाच वापरतात. सात दिवसांची रोपं, त्यांवर बीजाणूंची पूड मारायची आणि रात्रभर काचेखाली दवात ठेवायची. बीजाणू चार-सहा तासांत रुजतो. त्यातून निघालेली नळी पानाच्या शिरांना आडवी चालते. अंधारात माणूस भिंत चाचपत दार शोधतो तशी ती पर्णरंध्र शोधते, सापडलं की त्यावर बसते आणि आत शिरते. बांडगुळाने फांदीत मूळ रोवावं तसं गव्हाच्या पेशीत ती आपलं बोट खुपसते. पेशी फोडत नाही. पेशीच्या आतल्या पातळ पडद्याला आत ढकलत, तिच्याच कुशीत राहून साखर ओढते. पाचव्या-सहाव्या दिवशी पानावर फिकट ठिपका दिसतो.

मग येतो मला सर्वांत आवडणारा टप्पा, जो बाहेरून दिसतच नाही. पानाच्या सालीखाली बुरशीचे धागे एका जागी गोळा होतात. गादी घातल्यासारखा एक थर तयार होतो. त्या थरातल्या पेशींना एकामागून एक कोंब फुटतात. प्रत्येक कोंब दुभंगून खाली देठ आणि वर बीजाणू होतो. बीजाणूची भिंत जाड होते, तिच्यावर काटे येतात, आत तेलाचा साठा भरला जातो, गाजराला रंग देणाऱ्या कुळातली रंगद्रव्यं उतरतात. खालून नवे कोंब येतच असतात. शेवटी त्या सगळ्यांच्या रेट्याने साल ताणते आणि आठव्या-नवव्या दिवशी फाटते. मी एकदा भिंग लावून रात्री अकरापासून एका ठिपक्याशी बसले होते, साल फाटताना बघायची म्हणून. पहाटे डोळा लागला. जागी झाले तर फोड उघडलेला होता आणि खाली पसरलेल्या चमचमत्या वर्खावर केशरी कण सांडले होते.

पानावरच्या तांबेऱ्याचा असा एक फोड दिवसाला ३,००० च्या आसपास बीजाणू देतो आणि सुमारे २० दिवस देत राहतो. रक्तपेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर मी ते मोजलेत. एका फोडाचे ६०,०००, एका पानावर पन्नास फोड, एका वाफ्यात पानं किती... हिशेब पुढे नेताना छाती दडपते. आणि ज्या साखरेतून हे घडतं, ती ओंबीत जायची होती. उफणताना उडून गेलेला आमचा दाणा, त्याचं वजन आण्णांच्या धोतरावर केशरी होऊन बसलं होतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे या जिवाबद्दलचा माझा राग थोडा बदलला. बीजाणू एवढे दाटीवाटीने बसतात, तरी फोडातच रुजत नाहीत. काळ्या तांबेऱ्याच्या बीजाणूंच्या अंगावर मिथाइल सिस-फेरुलेट नावाचा पदार्थ असतो, तो रुजणं थोपवून धरतो. दाटीत त्याचं प्रमाण भरपूर, म्हणून सगळे गप्प. वाऱ्याने एकटा होऊन दवात पडला की तो पदार्थ धुऊन जातो आणि बीजाणू जागा होतो. भावंडांच्या गर्दीत जागं व्हायचं नाही, घर सोडल्यावरच व्हायचं.

आता हे सगळं कोण करवतं? कुठलं जनुक सांगतं की पुरे झालं वाढणं, आता गादी घाला, बीजाणू करा? हा प्रश्न विचारणं सोपं, पण या बुरशीला तो विचारता येत नाही. दुसऱ्या बुरशांची गोष्ट वेगळी. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स ही हिरवट बुरशी बशीत वाढते; तिचं बीआरएलए हे एक जनुक बिघडवलं की बीजाणूंचा झुबका येतच नाही, नुसता देठ राठ केसासारखा वाढत राहतो. त्यावरूनच त्या जनुकाला ब्रिसल, म्हणजे राठ केस, हे नाव मिळालं. इतकं स्वच्छ उत्तर! तांबेरा मात्र जिवंत गव्हाशिवाय जगत नाही. १९६६ साली ऑस्ट्रेलियात विल्यम्स, स्कॉट आणि कूल यांनी काळा तांबेरा पहिल्यांदा गव्हाविना, नुसत्या पोषणद्रव्यावर वाढवून दाखवला, पण तो इतका सावकाश आणि नाजूक वाढतो की जनुकं बिघडवून बघायला त्याचा फारसा उपयोग नाही. २०११ साली काळ्या तांबेऱ्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला. १७,७७३ जनुकं. त्यातल्या कितीतरी जनुकांचं काम काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण तशी जनुकं दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या जिवात नाहीत.

मग लोकांनी आडवाट शोधली, आणि मला ती फार सुंदर वाटते. बुरशीला हात लावता येत नाही ना, मग गव्हाला लावा. बुरशीच्या एका जनुकाचा छोटा तुकडा घ्यायचा आणि तो गव्हात पोचवायचा. पोचवायला बहुतेकदा सातूवरच्या पट्टेरी रोगाचा एक सौम्य केलेला विषाणू वापरतात. गहू त्या तुकड्याचे बारीक आरएनए करतो. बुरशी पेशीत खुपसलेल्या बोटातून साखर ओढते, तेव्हा हे आरएनएही तिच्यात जातात आणि तिचं तेवढंच जनुक मुकं करतात. मग बघायचं, फोड येतात का, किती येतात, फुटतात का. कॅनडातल्या पनवार, मॅकॅलम आणि बाकेरन यांनी २०१३ साली पानावरच्या तांबेऱ्याची तीन जनुकं अशी मुकी केली. एक मॅप-कायनेझ, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं, एक सायक्लोफिलिन नावाच्या प्रथिनाचं, एक कॅल्सिन्यूरिन या प्रथिनाच्या भागाचं. तिन्ही वेळा रोग खुरटला. ज्या पिकाला ती लुटत होती, त्याच्याच घासातून तिला हे मिळालं. आण्णा असते तर त्यांना हे सांगताना मला फार आनंद झाला असता.

पण ज्या जनुकांनी मला खरं गुंतवलं, ती वेगळीच आहेत. ती जोडी जमवणारी जनुकं.

त्यासाठी पुन्हा बार्बेरीकडे जावं लागतं. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू पाच प्रकारचे. गव्हावरचे तांबूस, मग हंगाम संपताना त्याच काडावर येणारे काळे, दोन कप्प्यांचे, ज्यांच्यामुळे तो काळा तांबेरा. काळ्यांत दोन केंद्रकं एक होतात, त्यातून चार नाजूक बीजाणू निघतात आणि ते फक्त बार्बेरीवर रुजतात. तिथे पानाच्या वरच्या अंगाला मधाचे थेंब साठलेले इवले फोड येतात. हे थेंब कशासाठी, हे साठ वर्षं कुणालाच नीट उमगलं नव्हतं. १९२७ साली कॅनडात विनिपेगला जॉन क्रेगी यांनी ते सोडवलं. माश्या त्या मधाला येतात, एका फोडातला मध दुसऱ्यावर नेतात, आणि दोन फोड भिन्न जातीचे असले तर काही दिवसांत पानाच्या खालच्या अंगाला नवे बीजाणू धरतात. त्यात दोघांची केंद्रकं शेजारी शेजारी असतात. ते उडून गव्हावर जातात. भिन्न कोण आणि एकच कोण, हे ठरवणारी जनुकं दोन ठिकाणी असतात. एका ठिकाणची गंधासारखा रासायनिक निरोप ओळखतात. दुसऱ्या ठिकाणची दोन केंद्रकांतून अर्धी अर्धी येऊन जुळली तरच काम करतात, किल्लीचे दोन तुकडे दोघांकडे असावेत तशी.

आता आपल्याकडचा तांबेरा घ्या. मेहतांनी दाखवलं तसं इथे बार्बेरीचा फेरा नाही. माशी नाही, मध नाही, मीलन नाही. पिढ्यान्‌पिढ्या गव्हावरच्या बीजाणूतून गव्हावरचा बीजाणू, नुसती नक्कल. मग जोडी जमवणारी जनुकं इथे निकामी पडून असायला हवीत. मीही तसंच धरून चालले होते, विद्यार्थ्यांना तसं सांगितलंही. २०१७ साली पानावरच्या तांबेऱ्यात तीच जनुकं गव्हाच्या मार्गाने मुकी केली गेली, आणि गव्हावरचा रोग कमी झाला. पुढे २०२४ साली चार तांबेऱ्यांचा एकत्र अभ्यास आला, गव्हाचे तीन आणि ओटचा एक. त्यातही हेच दिसलं, की ही जनुकं गव्हावर, मीलनाचा प्रश्नच नसताना, संसर्गाच्या शेवटच्या दिवसांत बोलू लागतात. नेमकी तेव्हा, जेव्हा सालीखाली गादी पडलेली असते आणि बीजाणू घडत असतात.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. गव्हावरच्या प्रत्येक बीजाणूत दोन केंद्रकं असतात, कधीकाळी बार्बेरीसारख्या दुसऱ्या घरी भेटलेल्या दोन घराण्यांची, प्रत्येकाची १८ गुणसूत्रं. ती एकमेकांत मिसळत नाहीत, वेगळीही होत नाहीत. शेजारी राहतात. दिवसाला हजारो बीजाणू घडताना प्रत्येकात दोन्ही घराण्यांचं एकेक गेलंच पाहिजे. एकाच घराण्याची दोन जाऊन चालायचं नाही. ही जुळणी बरोबर होते ना, हे पाहायला ती जुनी किल्ली वापरली जात असावी, असा आजचा तर्क आहे. मला तो पटतो. ज्या भेटीला अगणित पिढ्या उलटल्या, तिची खूण आमच्या कृष्णाकाठच्या वावरात, एकेका फोडात, एकेका बीजाणूगणिक तपासली जात होती.

आणि कधी कधी या शेजारात अदलाबदलही होते. युगांडात १९९८ साली काळ्या तांबेऱ्याची एक जात सापडली, पुढच्या वर्षी तिला युजी९९ हे नाव पडलं. जगभरच्या गव्हांत ज्या एसआर३१ या प्रतिकारक जनुकावर भिस्त होती, त्याला ती जुमानेना. तिच्या भीतीने हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग म्हातारपणी पुन्हा उभे राहिले. ही जात आली कुठून? २०१९ साली तिची दोन्ही केंद्रकं वेगवेगळी वाचली गेली, तेव्हा एक केंद्रक ऑस्ट्रेलियातल्या १९५० च्या दशकापासून माहीत असलेल्या एका जुन्या जातीच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. ती जुनी जात मूळची दक्षिण आफ्रिकेकडची मानतात. म्हणजे कुठल्यातरी गव्हाच्या पानात दोन जातींचे धागे भिडले आणि त्यांनी अख्खं केंद्रक बदलून घेतलं. मीलन नाही, बार्बेरी नाही, आणि तरीही एक नवा जीव, जो खंडाखंडांतून वाऱ्यावर निघाला. भारतात ती जात अजून मिळालेली नाही. शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात देशभरातून येणारी तांबेऱ्याची पानं तपासतात, त्या कामाकडे मी म्हणूनच फार आदराने बघते.

फोड मोजणाऱ्या माणसांची एक वही असते. तिच्यात रोगाची पायरी आकड्यांनी लिहितात. ०, १, २, ३, ४. चार म्हणजे मोठे, पूड सांडणारे फोड; आग्रा लोकलसमोर नेहमी चार. आणि एक खूण आकडा नसलेली, अर्धविराम. बुरशी आत शिरली, पण गव्हाने ओळखलं, तेवढ्या पेशी स्वतःहून मारून टाकल्या. पानावर सुईच्या टोकाएवढा फिका ठिपका राहिला, फोड आलाच नाही, तर त्यापुढे अर्धविराम काढायचा. ही पद्धत मिनेसोटाच्या एल्विन स्टॅकमन यांची. तांबेऱ्याच्या जाती ओळखायला त्यांनी १२ गव्हांचा संच केला होता. त्या संचाची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटच्या नावाशी थबकले. मार्क्विस, कोटा, कुबांका, अशा नावांच्या रांगेत, खपली.

आपली खपली! आमच्या भागात तिला जोड गहूही म्हणतात. टरफलासकट निघणारी, कांडून सोलावी लागणारी, आजी जिची खीर करायची ती. हिंदुस्थानातून गेलेली खपली अमेरिकेत जगातल्या तांबेऱ्यांची परीक्षा घेत होती आणि फार थोड्यांना दाद देत होती. सिडनीत वॉटरहाऊस यांनी तिचा ऑस्ट्रेलियातल्या गव्हाशी संकर करून खॅपस्टाइन हा गहू केला. तिच्याकडून आलेलं एसआर१३ हे जनुक २०१७ साली नेमकं सापडलं, आणि ते युजी९९ गटालाही अडवतं. ज्या वर्षी आमच्या कल्याणसोन्याचा दाणा वाऱ्यावर गेला, त्या वर्षीही बांधाकडेच्या दोन वाफ्यांत आजीच्या हट्टापायी खपली होती. ती स्वच्छ उभी राहिली. आजी म्हणाली होती, "तिला न्हाई पडत." मी तेव्हा विचारलं नाही, का नाही पडत. बीजाणू तर तिच्यावरही पडलेच असणार, कल्याणसोन्याच्या वाफ्याला खेटूनच होती ती.

यंदा भाच्याने एकरभर खपली केली आहे, भाव चांगला मिळतो म्हणून. माघात त्याचा फोटो आला, पानावर फिके ठिपके. खाली लिहिलेलं, "आत्या, पडला का गं?" मी त्याला म्हटलं, बोट फिरवून बघ, पूड लागते का. लागत नव्हती. हवा ढगाळ होती आणि ठिपके ताजे होते. पाचव्या दिवसाचे ठिपके सगळ्यांचे सारखेच दिसतात, आग्रा लोकलचे काय नि खपलीचे काय. म्हटलं, त्याच पानाला दोरा बांधून ठेव आणि आठ दिवसांनी पुन्हा फोटो पाठव.

त्या आठ दिवसांत मी दोनदा त्याला फोन केला, काहीतरी दुसरं निमित्त काढून. नवव्या दिवशी सकाळी फोटो आला. लाल दोरा बांधलेलं पान, त्यावर भाच्याचं बोट. ठिपके तेवढेच, कडेने थोडे सुकलेले, साल कुठेच फुटलेली नाही, आणि बोट कोरं. मी कपाटातून जुनी वही काढली, तारीख टाकली, गावाचं नाव लिहिलं, पुढे खपली, आणि तिच्यापुढे अर्धविराम काढला.